कृती आणि उर्वरित : ‘द एनआयडी टेप्स’ या ध्वनिसंकलनाच्या निमित्ताने

१

एखाद्या लेखकाचे वा संगीतकाराचे जे साहित्य त्याच्या मान्य कृतींमध्ये समाविष्ट झाले नाही, ते एकत्र करून प्रसिद्ध करण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. मराठी ग्रंथव्यवहारात अशा पुस्तकांना ‘असंग्रहित’, ‘अप्रकाशित’, ‘उर्वरित’ अशी विशेषणे लावली जातात. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या क्षेत्रात तर मागे राहिलेल्या रचनांचे संकलन हा जवळजवळ एक स्वतंत्र प्रकारच झाला आहे. समीक्षेने मात्र या प्रकाराकडे आजवर तळटिपेच्या मायन्यातच पाहिले. उर्वरित साहित्य हे अभ्यासकाला उपयुक्त, चाहत्याला प्रिय आणि समीक्षकाला दुय्यम, अशी वाटणी आपण गृहीत धरली आहे. ही वाटणी तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उर्वरित म्हणजे नेमके काय, त्याला ‘कृती’ म्हणता येईल काय, आणि ते उचलून आपल्यासमोर ठेवणाऱ्याचा त्यावर कोणता अधिकार असतो, हे येथील प्रश्न आहेत. त्यांच्या चर्चेसाठी अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतील (एनआयडी) जुन्या ध्वनिफितींमधून सिद्ध झालेले ‘द एनआयडी टेप्स : इलेक्ट्रॉनिक म्युझिक फ्रॉम इंडिया १९६९–१९७२’ हे २०२३ साली प्रसिद्ध झालेले संकलन मध्यवर्ती धरले आहे.

प्रारंभी शीर्षकांचाच विचार करू. मर्ढेकरांनी आपल्या संग्रहांना ‘काही कविता’ (१९४७) आणि ‘आणखी काही कविता’ (१९५१) अशी नावे दिली. ‘काही’ या शब्दात एक संयम आहे, आणि एक सूचनाही आहे: जे छापले त्याच्या पलीकडे न छापलेले काही असू शकते. १९५६ साली त्यांचे निधन झाले आणि १९५९ साली ‘मर्ढेकरांची कविता’ हा संग्रह आला. या शीर्षकातून ‘काही’ गळाले आणि कवीचे नाव आत आले. कवी हयात असेपर्यंत संग्रह हा अंश असतो; त्याच्या पश्चात तो साकल्य म्हणून मांडला जातो. हा बदल शब्दाचा नाही, अधिकाराचा आहे.

रिचर्ड जेम्स या ब्रिटिश संगीतकाराने ‘एफेक्स ट्विन’ या नावाने १९९२ साली काढलेल्या पहिल्या पूर्ण आकाराच्या संग्रहाचे शीर्षक ‘सिलेक्टेड अँबियंट वर्क्स ८५–९२’ असे आहे. ‘निवडक कृती’ आणि त्यापुढे कालखंडाची नोंद, ही पद्धत वाङ्मयातील ज्येष्ठांच्या ग्रंथावल्यांची. येथे ती एकवीस वर्षांच्या तरुणाने आपल्या पहिल्याच संग्रहाला लावली आहे. ज्या समग्रातून ही निवड झाली ते समग्र श्रोत्याला कधी दिसलेलेच नव्हते. निवड आधी आली आणि समग्राची कल्पना श्रोत्याने मागाहून केली. उर्वरित हे नेहमी कृतीनंतर येते, या समजुतीला हे शीर्षक छेद देते. कृती जाहीर होण्याच्या क्षणीच उर्वरितही निर्माण होते.

२

मराठी नवसमीक्षेने कृतीची जी संकल्पना घडवली, तिच्यात उर्वरिताला जागा नव्हती. मर्ढेकरांच्या लयसिद्धान्तात संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी बांधलेली भावनात्मक अर्थांची संघटना म्हणजे वाङ्मयीन कृती. तिच्यातील प्रत्येक घटक हा इतर घटकांच्या संदर्भात आवश्यक असतो. जे या संघटनेत बसले नाही ते केवळ सामग्री. त्याविषयी सौंदर्यशास्त्राला काही म्हणायचे नाही. ही भूमिका तर्कदृष्ट्या सुसंगत आहे. परंतु ती एक गोष्ट न सांगता गृहीत धरते: कृतीची सीमा आधीच ठरलेली असून समीक्षकाने त्या सीमेच्या आत पाहावयाचे आहे. सीमा कोणी आखली, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

उलट बाजूने, मिशेल फुको यांनी १९६९ सालच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात तोच प्रश्न टोकाला नेला. नीत्शेच्या समग्र वाङ्मयात त्याच्या वहीतील धोब्याच्या हिशेबाचा समावेश करावयाचा की नाही, आणि नाही तर का नाही, असे त्यांनी विचारले. रोलाँ बार्थ यांनी १९७१ मध्ये ‘कृती’कडून ‘संहिते’कडे जाण्याची दिशा दाखविली. मराठीत हे विचार पोचल्यानंतर कृतीची बंदिस्त चौकट सैल झाली, हे खरेच. परंतु या मांडणीचा सोपा वापर करणाऱ्यांनी सर्वच लेखन सारख्या पातळीवर आणून ठेवले. हिशेबाचा कागद आणि सुभाषित यांत भेद उरला नाही, की उर्वरित ही कोटीच नाहीशी होते. रूपवादी समीक्षक उर्वरित फेकून देतो. संहितावादी ते इतर सगळ्यात मिसळून टाकतो. दोघेही एका साध्या वस्तुस्थितीकडे पाहत नाहीत. कोणीतरी, कधीतरी, काही कारणाने ते बाजूला ठेवले होते. बाजूला ठेवणे ही एक कृती आहे, आणि तिचा अर्थ लावता येतो.

येथे उर्वरित आणि अपूर्ण यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. गडकऱ्यांचे ‘राजसंन्यास’ हे अपूर्ण नाटक आहे. १९१९ साली त्यांच्या मृत्यूने ते तसेच राहिले. त्याचा वाचक उरलेला भाग मनाने पुरा करू पाहतो, कारण त्या संहितेची गती एका साकल्याकडे आहे. इलेक्ट्रॉनिक संगीतातील उर्वरित रचना बहुधा अशी नसते. ती आपल्यापुरती पूर्ण असू शकते. तिला आरंभ असतो, विस्तार असतो, शेवट असतो. तिला नसते ते शेजार. कोणत्या रचनेनंतर ती यावी, कोणत्या नावाखाली, कोणत्या श्रोत्यासाठी, हे ठरलेले नसते. म्हणून माझी मांडणी अशी: अपूर्णता ही रचनेच्या आतील उणीव आहे, तर उर्वरितता ही रचनेच्या स्थानासंबंधीची अवस्था आहे. उर्वरित रचनेत काही कमी नसते. तिला मालिकेत जागा मिळालेली नसते. आणि जागा देण्याचे काम जो करतो तो, स्वतःला केवळ संकलक म्हणवीत असला तरी, अर्थनिर्मितीत भागीदार होतो.

३

आता मध्यवर्ती उदाहरणाकडे वळू. गौतम आणि गिरा साराभाई यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत १९६९ साली इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक स्टुडिओ उभा राहिला. त्यासाठी अमेरिकेतून मूग सिंथेसायझर आणण्यात आला आणि तो बसविण्याच्या कामी डेव्हिड ट्यूडर अहमदाबादेस आले. हे तेच ट्यूडर, ज्यांनी १९५२ मध्ये जॉन केज यांची ‘चार मिनिटे तेहतीस सेकंद’ ही निःशब्द रचना प्रथम सादर केली होती. केज आणि साराभाई कुटुंब यांचा संबंध त्याहून जुना. गीता साराभाई यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे केज यांच्याशी विद्येची देवाणघेवाण केली होती. त्यांनी केज यांना भारतीय संगीत शिकविले आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य आधुनिक संगीत समजून घेतले. गीताबेन पखवाजवादक होत्या, हा तपशील पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

या स्टुडिओत गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी काम केले. ध्वनिफिती संस्थेतच राहिल्या आणि चार दशकांहून अधिक काळ त्यांकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंत-संगीतकाराने त्या शोधल्या, त्यांतून निवड केली आणि संकलन सिद्ध झाले. म्हणजे येथे रचनाकार अनेक आहेत, निवड करणारा एक आहे, आणि तो रचनाकारांपैकी नाही. दोहोंमध्ये सुमारे अर्ध्या शतकाचे अंतर आहे.

संकलन ऐकताना प्रथम जाणवते ती हेतूंची विविधता. माथूर यांच्या एका रचनेच्या शीर्षकातच तानपुऱ्याचा भूतकाळातील उल्लेख आहे, आणि यंत्राच्या अखंड स्वराकडे कान देताना तो उल्लेख सहज पटतो. शर्मा यांच्या रचनांना ‘डान्स म्युझिक’ असे सरळ नाव आहे. जोशीपुरा यांची ‘स्पेस लायनर २००१’ ही त्या काळच्या अंतराळविषयक कल्पनाविश्वातून आलेली आहे. काही ध्वनिमुद्रणे यंत्राची क्षमता अजमावणारी आहेत: एखादा स्वर हळूहळू वर नेणे, त्याचा पोत बदलणे, तो दुसऱ्यावर आदळविणे. यांतील कोणते तुकडे पूर्ण रचना, कोणते सराव आणि कोणते प्रात्यक्षिक, हे ऐकून निश्चित ठरविता येत नाही. संस्थेत असताना तसे ठरविण्याची गरजही नव्हती. शिक्षणसंस्थेतील प्रयोगशाळेत सराव आणि रचना यांच्यात भिंत नसते. ती भिंत संकलनाने उभी केली. ज्या क्षणी एका फितीतील अमुक मिनिटे उचलून त्यांना क्रमांक मिळाला, त्या क्षणी त्यांची ‘रचना’ झाली आणि शेजारची मिनिटे उर्वरिताचेही उर्वरित झाली.

४

याच्या पुढचा मुद्दा माध्यमाचा आहे. हिंदुस्थानी संगीताच्या परंपरेत उर्वरित ही संकल्पना मुळातच बसत नाही. मैफलीत मांडलेला राग हा त्या मैफलीचा असतो. तो पुन्हा मांडला जातो तेव्हा तो दुसरा असतो. गायकाने जे आज घेतले नाही ते टाकून दिलेले नसते, ते उद्यासाठी त्याच्या गळ्यात राहिलेले असते. परंपरा जे जपते ते शिष्याच्या शरीरात जपते. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण आपल्याला उपलब्ध नाही. तरीही मास्तर कृष्णराव आणि बालगंधर्व यांच्या गाण्यातून बुवांच्या गायकीविषयी काही ठामपणे बोलणे मराठी संगीतसमीक्षेला शक्य झाले. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’सारख्या ग्रंथाचा पायाच हा आहे, की संगीत माणसांमधून वाहते आणि म्हणून अनुपस्थित गायकाचेही विश्लेषण करता येते.

मूग यंत्राच्या बाबतीत हे सारे उलटते. त्या काळच्या या सिंथेसायझरला स्मृती नव्हती. त्याच्या निरनिराळ्या भागांना वायरींनी जोडून आणि कळी फिरवून ध्वनी घडवावा लागे. वायरी काढल्या की तो ध्वनी गेला. पुन्हा तशाच जोडल्या तरी विद्युत्दाबातील सूक्ष्म फरकांमुळे तोच ध्वनी येईल याची खात्री नसे. स्वरलेखन नाही, बंदिश नाही, शिष्य नाही. उरते ती फक्त फीत. शास्त्रीय गायनाची फीत ही गाण्याची नोंद असते. या संगीताची फीत हेच संगीत असते. ती कापता येते, जोडता येते, उलटी वाजविता येते, तिची गती बदलता येते, आणि या सर्व क्रिया रचनेचा भाग असतात. तसेच ती पुसून पुन्हा वापरताही येते. मग मागे काहीच राहात नाही. अनुपस्थितीचे विश्लेषण करण्याची सोयही राहात नाही.

गीताबेनच्या रचनांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. पखवाज हे आवर्तनाचे वाद्य. त्यात समेवर येणे म्हणजे परतणे. जिथे काही उरत नाही आणि काही हरवतही नाही अशा परंपरेतून त्या आल्या, आणि जिथे जे उरले तेवढेच सर्वस्व अशा माध्यमात त्यांनी काम केले. संकलनातील त्यांच्या ध्वनींत मला या दोन कालकल्पनांचा ताण ऐकू येतो. ध्वनी परत येतो, परंतु समेचे आश्वासन देत नाही. हे वैगुण्य आहे की शोध, याचा निर्णय एकट्या रचनेवरून करता येत नाही. त्यासाठी आधीच्या आणि नंतरच्या रचना हव्यात, आणि नेमका तोच शेजार आपल्याकडे नाही. उर्वरिताच्या समीक्षेची अडचण येथे स्पष्ट होते. रूप समोर आहे, परंतु ज्या मालिकेत ते अर्थपूर्ण होईल ती मालिका संकलकाने पुरविली आहे.

५

‘उर्वरित’ हा एकच शब्द वापरल्याने निरनिराळ्या अवस्था एकाच पोत्यात भरल्या जातात. त्या वेगळ्या करण्यासाठी परभाषेतील पारिभाषिक संज्ञांची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजाच्या परिसरात कापसाच्या शेतीबरोबर जे शब्द नांदतात, त्यांतील तीन या कामी पुरेसे आहेत: सरकी, फरदड आणि सरवा.

कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई वेगळी होते आणि सरकी मागे राहते. वजनाने पाहिले तर कापसाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग सरकीचाच असतो. तिचे तेल निघते, ढेप होते, आणि पुढचे पीकही तिच्यातूनच येते. रुईच्या हिशेबात मात्र ती उप-उत्पादन. एका विशिष्ट कृतीच्या निर्मितीतच जे वेगळे निघाले, ते या अर्थाने सरकी. ब्रायन इनो यांचा ‘म्युझिक फॉर फिल्म्स’ हा संग्रह (प्रथम १९७६ मध्ये मोजक्या प्रतींत, नंतर १९७८ मध्ये सर्वांसाठी) या जातीचा आहे. इतर कामांच्या ओघात तयार झालेले लहान लहान तुकडे तेथे एकत्र आले. त्यांतील काही चित्रपटांसाठी होते, काही केवळ कल्पिलेल्या चित्रपटांसाठी. निर्माता हयात आहे, निवड त्याची आहे, आणि ‘चित्रपटासाठी’ हे शीर्षक देऊन त्याने तुकड्यांना नसलेले स्थान दिले. तुकडा अपुरा का वाटतो, तर त्याचे दृश्य अन्यत्र आहे म्हणून, असे श्रोत्याला वाटते. उर्वरिततेलाच त्याने रूपतत्त्व बनविले.

फरदड वेगळी. हंगाम संपल्यावर पऱ्हाटी उपटून टाकण्याऐवजी तिला पाणी देऊन पुन्हा कापूस घेतला जातो, ती फरदड. झाड तेच, मालक तोच, पीक मागाहूनचे. १९९२च्या ‘निवडक’नंतर तेवीस वर्षांनी, २०१५ मध्ये, एफेक्स ट्विनने आपल्याकडील शंभराहून अधिक अप्रकाशित रचना एका आकड्यांच्या टोपणनावाखाली महाजालावर विनामूल्य ठेवल्या. ही फरदड होय. तिचे मोल आहे. एका संगीतकाराच्या घडणीचा इतका विस्तृत आलेख क्वचितच उपलब्ध होतो. परंतु फरदडीला कृषिशास्त्रज्ञ विरोध करतात तो उगीच नव्हे. उभ्या राहिलेल्या झाडावर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. जुन्या सवयीही अशाच तग धरतात. जे त्या वेळी स्वतः निर्मात्यानेच बाजूला ठेवले होते, ते आज केवळ त्याचे आहे म्हणून मोलाचे मानले जाते, आणि त्याने केलेल्या पहिल्या निवडीचा अर्थ पुसट होतो. कोलटकरांच्या बाबतीत ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (१९७७) आणि ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’ (दोन्ही २००३) यांच्यातील दीर्घ मौनाचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे लागते. तेथे मागे ठेवलेले साहित्य साठत गेले, ते फरदड म्हणून नव्हे. कवीने त्याला नव्या संग्रहांची पूर्ण मांडणी दिली. ‘चिरीमिरी’ हे नाव किरकोळ उरलेल्या पैशांची आठवण देते, पण त्या संग्रहाची रचना किरकोळ नाही.

तिसरा शब्द सरवा. मालकाने पीक उचलून नेल्यावर रानात जे पडून राहते ते वेचणे म्हणजे सरवा वेचणे. वेचणारा मालक नसतो. बहुधा तो भूमिहीन असतो. जे तो वेचतो ते चोरी मानले जात नाही, आणि ते मालकाचे पीक आहे असेही कोणी म्हणत नाही. सरव्याला स्वतःची नीती आहे. शेतात आधी मालकाचे काम संपले पाहिजे, आणि वेचणाऱ्याने आपण सरवा वेचला एवढेच म्हणावे, पेरणी केली असे म्हणू नये. ‘द एनआयडी टेप्स’ हा सरवा आहे. पर्गस यांनी पेरले नाही. त्यांनी वाकून वेचले. त्यांच्या श्रमाविना हे ध्वनी आपल्यापर्यंत आले नसते, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु सरव्याची टोपली पाहून शेताचे उत्पन्न ठरविता येत नाही. टोपलीत काय आले हे जसे शेतावर अवलंबून असते, तसे ते वेचणाऱ्याच्या नजरेवर आणि हातावरही अवलंबून असते.

६

वेचणाऱ्याची नजर किती निर्णायक असते, हे मुंबईतील एका निकटच्या उदाहरणावरून दिसते. हिंदी चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदात काम करणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ हा संग्रह केला. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहा राग त्यांनी रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर बांधले: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्ज स्वरांचे यंत्र. तबकडी एचएमव्हीने काढली आणि ती विस्मृतीत गेली. २०१० मध्ये एका डच संग्राहकाच्या प्रयत्नांनी तिचे पुनःप्रकाशन झाले, आणि जगभर एकच चर्चा सुरू झाली: शिकागोतील ‘फ्यूचर’ या गटाच्या १९८७ सालच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’च्याही आधी, मुंबईत ॲसिड हाउस संगीत अस्तित्वात होते काय?

हा संग्रह उर्वरित नव्हे. तो सर्वार्थाने पूर्ण आणि प्रकाशित होता. तरीही त्याच्या स्वीकाराचा इतिहास आपल्या मुद्द्याला पुष्टी देतो. टीबी-३०३ या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. शिकागोच्या तरुणांना तिच्यातून एक नवा कर्कश पोत सापडला. रागाशी परिचित वादकाला तीच सोय मींडेच्या जवळ जाणारी वाटली असल्यास नवल नाही. म्हणजे एकाच यंत्राची एकच कळ दोन निरनिराळ्या मालिकांत बसते. पुनःप्रकाशनाने सिंग यांना पहिल्या मालिकेत बसविले आणि ‘पूर्वसूरी’ म्हणून त्यांचा गौरव केला. या गौरवात दुसरी मालिका दिसेनाशी झाली. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत वाद्यवृंदातील वादक नवी यंत्रे कशी आत्मसात करीत होते, रागाचे चलन ठोक्याच्या चौकटीत कसे बसवीत होते, मधुवंतीसारख्या रागाची निवड का केली, हे प्रश्न मागे पडले. २०१५ साली सिंग यांचे निधन झाले. त्यांना उत्तरायुष्यात श्रोते मिळाले, युरोपात त्यांनी कार्यक्रमही केले. हा लाभ लहान नव्हे. परंतु ज्या प्रश्नाला त्यांच्या संगीताने उत्तर दिले होते, त्याऐवजी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून ते ऐकले गेले.

अहमदाबादच्या फितींबाबत हाच धोका अधिक आहे, कारण तेथे मूळ मालिका कधी प्रसिद्धच झाली नव्हती. केज, ट्यूडर, मूग अशी नावे उच्चारली की जागतिक आधुनिकतेचा एक तयार आराखडा पुढे येतो आणि पाच भारतीय रचनाकार त्यातील एका कोपऱ्यात बसविले जातात. हा आराखडा खोटा आहे असे नाही. परंतु देशीयतेच्या नावाखाली त्याच्या उलट टोकाला जाऊन, हे संगीत म्हणजे यंत्रावर वाजलेला राग होय, असे म्हणणेही तितकेच सोयीचे आणि तितकेच अपुरे ठरेल. दोन्ही वाचने उर्वरिताला घाईने घर मिळवून देतात. समीक्षेचे काम ही घाई थांबविण्याचे आहे.

७

येथे एक आक्षेप संभवतो. उर्वरिताची मालिका नेहमी दुसराच कोणी पुरवितो असे म्हटले, तर मान्य कृतींची मालिका तरी कोणी पुरविली? तुकोबांच्या गाथेचे उदाहरण घ्या. शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली १८६९ ते १८७३ या काळात सिद्ध झालेल्या आवृत्तीत ४६०७ अभंग आहेत. इतर गाथांची संख्या आणि अनुक्रम वेगळा आहे. कोणता अभंग आत, कोणता क्षेपक, आणि कोणत्या अभंगाशेजारी कोणता, हे हस्तलिखितकारांनी, वारकरी परंपरेने आणि संपादकांनी ठरविले. मग गाथाही सरवाच नव्हे काय?

हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. कृतीची सीमा सर्वत्र आखलेलीच असते. भेद आहे तो साक्षीदारांचा. गाथेच्या मागे गाणाऱ्यांचा समुदाय आहे. संपादकाने एखादा अभंग गाळला तरी तो कीर्तनात, फडावर, एखाद्या घराण्याच्या वहीत जिवंत राहू शकतो आणि संपादनाला आव्हान देऊ शकतो. तेथे उर्वरित बोलते. फितीवरील संगीताच्या मागे असा समुदाय नाही. संकलनाबाहेर राहिलेली फीत कोणाच्या कंठात नाही. म्हणून तिच्या संकलकाची जबाबदारी गाथेच्या संपादकाहून अधिक आहे, कारण त्याला कोणी खोडून काढणारा नाही.

या विवेचनातून संपादनव्यवहारासाठी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, उर्वरिताच्या संकलनात जागा कोणी दिली हे झाकले जाऊ नये. काय घेतले याइतकेच काय सोडले, एखादे ध्वनिमुद्रण मूळ फितीत कोठे होते, त्याचे शीर्षक रचनाकाराचे की संकलकाचे, याची नोंद ही पांडित्याची हौस नव्हे. ती त्या साहित्याच्या अर्थाचा भाग आहे. दुसरी, अशा साहित्याचे मूल्यमापन करताना ‘रचना चांगली की सामान्य’ हा निकाल लांबणीवर टाकण्याची तयारी हवी. शेजाराविना मूल्य ठरविणे हे लयसिद्धान्ताच्याच कसोटीवर अशक्य आहे. मर्ढेकरांनी कृतीच्या आत जो संबंधांचा आग्रह धरला तो येथे कृतींच्या दरम्यान लागू करावा लागतो. त्यांचा सिद्धान्त उर्वरिताला बाहेर ठेवतो असे वर म्हटले. परंतु संबंधावाचून घटकाला सौंदर्यमूल्य नाही हे त्यांचे सूत्र गांभीर्याने घेतले, तर तोच सिद्धान्त उर्वरिताविषयी घाईचा निकाल देण्यास मनाई करतो.

मराठीपुढे हा प्रश्न दूरचा नाही. लेखकांच्या वह्या, संगीतकारांच्या घरगुती ध्वनिमुद्रिका, नाट्यसंस्थांकडील तालमींच्या फिती यांवरील चुंबकीय थर दर पावसाळ्यात झिजतो आहे. ज्यांना त्यांचा संदर्भ सांगता येतो अशी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. हे साहित्य पुढेमागे कोणीतरी वेचील, आणि वेचले पाहिजे. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात यज्ञातून उरलेल्या ‘उच्छिष्टा’वर एक संपूर्ण सूक्त आहे आणि साऱ्या सृष्टीचा आधार त्या उरलेल्यात पाहिला आहे. ती दृष्टी भव्य आहे, पण तिच्या आश्रयाला जाऊन प्रत्येक उरलेल्या गोष्टीला पूज्य ठरविण्याचे कारण नाही. आपल्याला हवी आहे ती सरवा वेचणाऱ्याची अधिक साधी नीती. मालकाच्या हयातीत, त्याला विचारून, फितीवर काय आहे आणि ते का बाजूला ठेवले हे लिहून घेण्याचे काम आज करता येण्यासारखे आहे. ते झाले नाही तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या संकलकाला ध्वनी मिळेल, शेजार मिळणार नाही, आणि तो जो शेजार रचील तोच आपला इतिहास म्हणून ऐकला जाईल.